थांबणीच्या ओढ्याचं कार्ड

सर,

तुमच्या कार्डांच्या चारही पेट्या सध्या माझ्या घरी आहेत, जेवणाच्या टेबलावर. त्यामुळे गेले दोन महिने आम्ही खाली बसून जेवतो आणि माझी मुलगी रोज विचारते, हे ओढे आणि टेकड्या इथून कधी उठणार. काकूंनी पेट्या दिल्या तेव्हा त्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यात बांधलेल्या होत्या. म्हणाल्या, "ने बाई. चाळीस वर्षं मी यांची धूळ पुसली, आता तू पूस." तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून पुस्तक करायचं ठरवलं आहे. पुण्याच्या पश्चिमेकडचे ओढे, टेकड्या, खिंडी आणि माळ, त्यांची नावं आणि ती नावं पडली कशी, त्याच्या हकिगती. संपादन माझ्या गळ्यात पडलं, कारण तुमचं अक्षर माझ्याखेरीज कुणाला लागत नाही. सगळी कार्डं टाइप झाली, प्रुफंही आली. एका कार्डापाशी मात्र माझं घोडं अडलं आहे. ते का अडलं हे खरं तर तुम्हालाच सांगायला हवं, आणि तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली.

तुमची पद्धत मला अजून तोंडपाठ आहे. पोस्टकार्डाएवढं कार्ड. वर नाव, त्याखाली ठिकाण, मग अर्थ, आणि सगळ्यात खाली 'कोणी सांगितलं'. नावाचा अर्थ गावातल्या तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितल्याशिवाय शाई लागायची नाही, तोवर सगळं शिसपेन्सिलीत. आणि दुसरा नियम, जो तुम्ही पहिल्याच रविवारी डेक्कनच्या बसथांब्यावर मला ऐकवला होता: प्रश्नात उत्तर घालून विचारायचं नाही. "आपल्याकडे माणसं सभ्य असतात. तू म्हणालीस ना, हे असं असेल का हो, की ती म्हणणार, असेल की. पाहुण्याला नाही कशाला म्हणा? तेव्हा आपण नुसतं म्हणायचं, हे नाव कसं पडलं? आणि तोंड मिटून उभं राहायचं. तुला जड जाईल, पण प्रयत्न कर." त्याच रविवारी मी दहा मिनिटं उशिरा पोहोचले होते. तुम्ही घड्याळाकडे न बघता म्हणालात, "आलात? फार उपकार झाले. बस थांबायला तयार नव्हती, म्हणून मी थांबलो." मला रडू कोसळायच्या बेतात होतं. मग तुम्ही पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिलात, काकूंनी माझ्यासाठी वेगळा भरून दिलेला. तुमचं रागावणं आणि तुमचा डबा नेहमी असा पाठोपाठच यायचा.

मी तेव्हा भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला होते. येरवड्याहून दोन बस बदलून यायचे. वडील खडकीच्या कारखान्यात, घरात आम्ही पाच जण, आणि रविवारी मुलगी डोंगर हिंडायला जाते याचं आईला काही केल्या कोडं सुटत नव्हतं. "डोंगराचं नाव विचारून डोंगर देणारेत का तुला?" असं ती म्हणायची. तिचंही चूक नव्हतं. आजूबाजूला सगळे काहीतरी मिळवायच्या मागे होते. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ निघाले होते, वर्गातली अर्धी मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती, आणि आपण ज्या गावांत जायचो तिथे पारावर ओढ्यापेक्षा एकराच्या भावाची चर्चा जास्त. कुठली तरी मोठी कंपनी येणार, इमारती काचेच्या असणार म्हणे. तुम्ही ते ऐकायचात आणि पावलांचा वेग वाढवायचात. "जमीन विकली की पहिलं नाव मरतं," असं एकदाच म्हणालात, भाषण न करता. मला ते इतकं पटलं की पुढचे चार रविवार मी वेळेवर आले.

मग तो रविवार, ज्या दिवशी तुमचा गुडघा सुजला आणि मला एकटीला पाठवलंत. गाव आपल्या ओळखीचं, दोनदा जाऊन आलेलो. ओढा गावाच्या खालच्या अंगाला, वळणावर मोठं उंबर. त्याला थांबणीचा ओढा म्हणतात एवढं आपल्याला ठाऊक होतं. थांबणी म्हणजे थांबायची जागा हे शेंबडं पोरही सांगेल. पण थांबायचं कोण आणि कशासाठी, ते कुणी सांगत नव्हतं. जो तो म्हणायचा, "म्हनत्यात तसं पहिल्यापासनं." मी उन्हातून हिंडून दमले आणि पिठाच्या गिरणीत सावलीला बसले. गिरणीवाली बाई गप्पिष्ट होती, दळणाला आलेल्या आणखी दोघी होत्या. मी विचारलं, नाव कसं पडलं? त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तोंड मिटून उभं राहायचं होतं, सर. मला जमलं नाही. मी म्हटलं, "नवी नवरी सासरी यायची, ओढ्याला पाणी असायचं, मग वऱ्हाड तिथं थांबत असेल. म्हणून थांबणी. तसंच असेल, नाही का?" गिरणीवालीचा चेहरा उजळला. "व्हय की! तसंच असंल बघा." मी तिच्याकडचं थंड पाणी प्यायले आणि परत आले. तुम्हाला म्हटलं, कुणी काही सांगितलं नाही. ते खोटं नव्हतं. माझा अंदाज मी कार्डावर लिहिला नव्हता, आणि तो बोलून दाखवल्याचं मला आठवायचंही काही कारण वाटलं नाही.

दोन आठवड्यांनी तुमचा गुडघा बरा झाला आणि आपण दोघं गेलो. पारावर गिरणीवालीचे सासरे बसले होते, पांढऱ्या मिशांचे. तुम्ही नियमाप्रमाणे विचारलंत आणि गप्प उभे राहिलात. त्यांनी सांगितलं: एक नवरी पुराच्या पाण्यापायी उंबराखाली तीन दिवस अडकून पडली होती, आणि तिच्या अंगाची हळद धुऊन ओढ्याचं पाणी पिवळं झालं होतं. शेजारच्या दुकानदारानं तेच सांगितलं. मग शाळेच्या ओट्यावर एक निवृत्त गुरुजी भेटले, त्यांनीही तेच सांगितलं, वर वऱ्हाड कुठल्या गावचं होतं तेही. मी तुमच्या मागे उभी, मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मला वाटलं, वा! आपला अंदाज अगदी बरोबर निघाला. तीन माणसं, तीन ठिकाणी, एकच गोष्ट. तुम्ही तिथेच ओट्यावर बसून खिशातलं पेन काढलंत आणि पेन्सिलीच्या अक्षरांवर शाई फिरवलीत. इतके खूश तुम्ही क्वचित दिसायचात. पुढे शनिवार पेठेतल्या त्या छोट्या सभागृहात तुमचं व्याख्यान झालं, त्यात तुम्ही हेच कार्ड शेवटी वाचलंत, आणि पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला लक्ष्मी रोडवर नेऊन बूट घेऊन दिलेत. तपकिरी, जाड तळव्यांचे. "तुझ्या चपला बघून मला डोंगराची दया येते," म्हणालात. माझ्यासाठी म्हणून कुणी दुकानात बसून बूट निवडण्याची ती पहिलीच वेळ होती. घरी गेल्यावर मी ते घालून मोरीपर्यंत चालून पाहिलं.

महिन्याभरानं मी एकटीच त्या गावाच्या पलीकडच्या टेकडीसाठी गेले होते. येताना गिरणीत डोकावले. बाई हसून म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्यानं तुमच्या सरांना लय रंगवून सांगितलं म्हनं! तुमीच तर सांगितलं न्हवं का मला? मी घरी जाऊन बोलले, त्यास्नी लय आवडलं. आता पारावर रोज तेच चाललंय." ती कौतुकानं सांगत होती, बिचारी. मला तोंडात मारल्यासारखं झालं. पंधरा दिवसांत माझ्या अंदाजाला तीन दिवसांचा मुक्काम, हळद आणि माहेर, सगळं मिळालं होतं. मी पुढच्या दारानं बाहेर सोडलेला पाहुणा मागच्या दारानं आत आला, आणि मीच त्याचं स्वागत केलं. तुमच्या शाईखाली माझं बोलणं होतं, तीन माणसांच्या नावावर.

मी गिरणीतून निघाले ती ओढ्यापाशी उंबराखाली जाऊन बसले आणि सरळ रडले. सरपणाचा भारा घेऊन एक म्हातारी येत होती. तिनं भारा टेकवला. "का गं पोरी? कुनी काय बोललं?" मी मान हलवली. तिनं हाताला धरून उठवलं आणि खालच्या बाजूला, बाभळींच्या मागे, आपल्या घरी नेलं. आत गेले तर समोरच्या भिंतीवर फोटो, आमच्या घरी आहे तोच, तसाच हार घातलेला. माझ्या पाठीचा ताठा एकदम गेला. तिनं चहा ठेवला आणि मी तिला विचारलं, नुसतंच विचारलं, की ओढ्याचं हे नाव कसं पडलं. या वेळी तोंड मिटून बसले. "थांबनी? आमचीच थांबनी ती. उन्हाळ्यात समदा ओढा आटायचा. वळनाला एक झरा जिता असायचा तेवढा. आमी शिवायचा न्हाय. घागरी घिऊन सकाळधरनं बसायचं. वरल्या आळीची कुनी बाई आली, तिच्या मनात आलं, तर वरनं वतायची. न्हाय आली तर थांब." चहा गाळता गाळता ती हसली. "आता नवरी थांबायची म्हनत्यात. थांबायची की. मी लगीन होऊन आले तवा दुसऱ्याच दिशी थांबले. अंगाची हळद बी निघाली नव्हती." कपबशी माझ्या हातात देत तिनं विचारलं, "तू कुनाची गं?" मी सांगितलं. येरवड्याची, आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच. फोटोकडं बघितलंस ते." मी एक नवीन कार्ड काढून सगळं पेन्सिलीनं लिहून घेतलं. साक्षीदार एकच.

त्या आठवड्यात मी नारायण पेठेत तुमच्याकडे आले ती सांगायचंच ठरवून. पर्समध्ये ते कार्ड होतं. काकू स्वयंपाकघरात थालीपीठ थापत होत्या आणि तुम्ही पाटावर बसून कुठल्याशा श्रोत्याचं पत्र मोठ्यानं वाचत होता. व्याख्यान ऐकलेल्या एका बाईंचं. त्यांच्या आजीचीही अशीच काहीतरी गोष्ट होती म्हणे, ओढ्याची गोष्ट ऐकून त्यांना ती आठवली. तुम्ही वाचताना मध्येच थांबलात, चष्मा पुसलात. काकू म्हणाल्या, "पुरे हो, तवा तापलाय, पत्रानं पोट भरणार आहे का?" मग तुमचं माझ्याकडे लक्ष गेलं. "तू काहीतरी सांगणार होतीस." मी म्हटलं, "लोणी वाढा म्हणत होते." काकूंनी भला मोठा गोळा वाढला. मला माझी चूक सांगायचीच होती, सर, तिची लाज मी गिळली असती. पण चूक सांगितली की पुढचं सांगावं लागणार होतं. खरं कुणी सांगितलं, कुठल्या घरात, आणि त्या बाईनं ते मलाच का सांगितलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला काही कळत नाही. तुम्ही कधी विचारलं नव्हतंत, काकूंनी कधी वेगळं ताट मांडलं नव्हतं. तरी ते वाक्य त्या स्वयंपाकघरात मला उच्चारवेना. मी थालीपीठ खाल्लं आणि घरी गेले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पदवीनंतर मला नोकरी लागली ती नेमकी त्याच बाजूला, काचेच्या इमारतीत, परदेशी नकाशे कॉम्प्युटरवर चढवायची. पहिलं काम आलं ते स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचं. तिथल्या ओढ्यांची आणि टेकड्यांची नावं त्या लोकांच्या जुन्या भाषेत, गेलिकमध्ये, आणि शेजारी प्रत्येकाचा अर्थ भरायचा. लाल म्हातारीची टेकडी, वासरांचा ओढा, अशी नावं. तुम्हाला सांगायला आले तेव्हा तुम्ही लहान मुलासारखे टाळी वाजवून म्हणालात, "म्हणजे तिकडेही कुणीतरी खुळा दर रविवारी हिंडला असणार!" त्या तक्त्यातही शेवटचा रकाना होता, अर्थ कोणी सांगितला त्याचा. मेंढपाळ, कोळी, पोस्टमनची बायको. मी तो रकाना भरत असायचे आणि मला तुमचा राग यायचा. हो, तुमचा. तुमची कार्डं मी मनातल्या मनात चाळायचे: पाटील, सरपंच, गुरुजी, देवळाचा पुजारी, दुकानदार. तीन साक्षी घ्यायचात खऱ्या, पण तिन्ही वरच्या आळीतल्या! गावाच्या खालच्या अंगाला, जिथून ओढा जातो, जिथे ओढ्याशी सगळ्यात जास्त काम पडलं, तिथल्या एका माणसाचं नाव तुमच्या चार पेट्यांत नाही. हे इतके हुशार, इतके काटेकोर, मग यांना कधी सुचलं कसं नाही? तुम्ही गेलात तेव्हाही तो राग पूर्ण गेला नव्हता. तुमच्या दहाव्याला मी आले आणि मागे उभी राहिले.

तर आता पुस्तक. मागच्या महिन्यात मी तिकडे जाऊन आले. ओढा सिमेंटच्या पाइपात गेला आहे, वर अकरा मजले. सोसायटीच्या फाटकाशी काळ्या ग्रॅनाइटवर नवरीची गोष्ट कोरली आहे, हळदीसकट, खाली तुमचं नाव. रखवालदारानं मला ती मोठ्या अभिमानानं वाचायला लावली. म्हातारी केव्हाच गेली. तिची सून भेटली, वस्ती आता पक्की झाली आहे, दोन खोल्या, ती एका दवाखान्यात कामाला जाते. मी कार्ड वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, "सासूबाई असंच सांगायच्या, शब्द न् शब्द. छापा. पण 'एक वृद्ध महिला' असलं काही लिहू नका हां. नाव लिहा त्यांचं." नाव लिहिलं आहे, सर, पुस्तकात आहे. दोनच साक्षी झाल्या, तुमच्या नियमात बसत नाही, तरी मी ते कार्ड घेते आहे. तुमचं कार्ड तसंच ठेवून त्याखाली हे, आणि गिरणीत काय झालं ते माझ्या शब्दांत, मी केलं असं म्हणून. तुमच्या दोन विद्यार्थ्यांचे फोन आले, सरांच्या पुस्तकात सरांचंच नाक कशाला कापता. मग मी काकूंकडे गेले. त्या आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून सगळं ओरडून सांगावं लागलं, माझं घराणं आणि तो फोटोही, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तीस वर्षं जे कुजबुजता आलं नाही ते असं ओरडून झालं. काकू म्हणाल्या, "एवढंच ना? मला वाटलं पुस्तकाला पैसे कमी पडले. छाप की. दर रविवारी पारावर बसून चहा पिणाऱ्या माणसाला अर्धंच गाव कळणार, नाही तर काय."

मी घरी येऊन त्या कार्डांखालची टीप पूर्ण केली. तिच्यात मी एक वाक्य लिहिलं आहे: "संग्राहकांना खालच्या वस्तीवर जावंसं कधी वाटलं नाही." काल प्रुफं वाचताना त्या वाक्यावर आले आणि पुढे सरकता येईना, म्हणून हे पत्र लिहायला बसले. कारण मला तो रविवार आठवतो, शाई लावलीत तो. तुम्ही पेनाचं टोपण लावलंत, ओट्यावरून उठलात, आणि बाभळींकडे हात करून मला विचारलंत, "तिकडे खाली कोण राहतं? ओढा तर त्यांच्याच दारावरून जातो. चल, त्यांनाही विचारून येऊ." मला झाडांमागचा निळा झेंडा दिसत होता. तिथे कोण राहतं ते मला तुमच्याआधी कळलं होतं, आणि तिथलं कुणीतरी तुमच्यादेखत मला विचारील, तू कुणाची गं, एवढीच मला भीती वाटली. मी म्हटलं, "तिकडं काही नाही, सर. ऊन वाढलंय, बस चुकेल." तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून लगेच वळलात. परवा सकाळी छापखान्याचा माणूस प्रुफं न्यायला येईल. ते वाक्य मी अजून काढलेलं नाही.